डबीची लाज, दुर्बिणीचा धाक

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा पार्किंगपेक्षा जास्त वेळ आतड्यांवर गेला. एका डायग्नॉस्टिक सेंटरने पंचेचाळिशीपुढच्या सभासदांसाठी सवलतीचं ‘कॅन्सर पॅकेज’ देऊ केलं होतं. रक्तातले मार्कर (कॅन्सरची खूण मानले जाणारे घटक), पोटाची सोनोग्राफी आणि वर थोडे पैसे भरले तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी ठराव मांडला आणि ‘शिर सलामत तर पगडी पचास’ असं म्हणून ते खाली बसले. लगेच पलीकडच्या विंगमधले काका उठले. “हा गोऱ्यांचा रोग, साहेब. आपण भाकरी-भाजी खाणारी माणसं. घाबरवायचं आणि पैसे काढायचे, दुसरं काय आहे यात?” टाळ्या दोघांनाही पडल्या. हेच दोन पक्ष हल्ली टीव्हीवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमांत भेटतात, रविवारच्या पुरवण्यांत भेटतात आणि व्हॉट्सअॅपवर तर रोज भेटतात. एकाला वाटतं, प्रत्येकाने दुर्बीण घालून घ्यावी. दुसऱ्याला वाटतं, रात्री इसबगोल घेतलं की झालं.

मला दोघांचंही पटत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी पन्नाशीनंतर नियमित चाळणी तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग, हवीच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिची सुरुवात दुर्बिणीने करू नये. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी, काही शे रुपयांची तपासणी आहे. नमुना घरीच एका डबीत घ्यायचा. सुरुवात तिने व्हावी. ती एकदा करून भागत नाही, दर वर्षी किंवा वर्षाआड करावी लागते. आणि ज्याच्या नमुन्यात रक्त सापडेल त्याला दुर्बिणीपर्यंत नेऊन पोचवण्याची जबाबदारी तपासणी करणाऱ्याने घ्यावी. वाद सगळा ‘दुर्बीण हवी की नको’ यावर चाललाय. तपासणी किती वेळा करायची आणि नंतर त्या माणसाचं काय करायचं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आधी या रोगाचा स्वभाव पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तरावर उगवलेल्या लहानशा पॉलिपमधून, म्हणजे मांसल कोंबातून, सुरू होतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. या दहा वर्षांत माणसाचं काही दुखत नाही, वजन घटत नाही, भूक जात नाही. पॉलिप वाढला की अधूनमधून थोडंसं रक्त पाझरतं, एवढंच. इतकी सवड देणारे कॅन्सर फार थोडे. शिवाय दुर्बिणीतून तारेचा फास टाकून असा पॉलिप काढला, तर तिथे पुढे होऊ शकणारा कॅन्सर मुळातच टळतो. कॅन्सर झालेला असला तरी पहिल्या अवस्थेत सापडलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर दहांपैकी एखाद-दुसरा. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ जुलै १९८५ मध्ये काढली आणि ती कॅन्सरची निघाली. त्यांनी उरलेली कारकीर्द पूर्ण केली आणि ते २००४ पर्यंत जगले.

आता काकांचा मुद्दा. ‘गोऱ्यांचा रोग’ हा शब्द चुकीचा असला तरी त्यामागचं निरीक्षण खोटं नाही. लोकसंख्येच्या वयातला फरक हिशेबातून काढला तरी भारतात या कॅन्सरचं प्रमाण वर्षाला लाखात पाचच्या आसपास येतं. ऑस्ट्रेलियात आणि युरोपातल्या अनेक देशांत ते याच्या पाच-सहापट आहे. ग्रामीण भागात तर आणखी कमी: बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीतले आकडे मुंबईच्या नोंदणीपेक्षा बरेच खाली असतात. आहाराचा संबंधही हवेतला नाही. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करत होते. चोथा खाणाऱ्या माणसांत हा रोग क्वचित दिसतो, हे त्यांनी १९७१ च्या सुमारास मांडलं आणि तंतुमय आहाराची सगळी चर्चा तिथून वाढली. प्रक्रिया केलेलं मांस या कॅन्सरला कारण ठरतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दिला. तेव्हा ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाणाऱ्याला थोडं संरक्षण आहे, हे मी मान्य करतो.

पण भाकरी आता खातंय कोण? आणि कमी प्रमाण हे काय आपल्या रक्तात लिहून आलंय? जपानकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानी माणसाला पोटाचा, म्हणजे जठराचा, कॅन्सर व्हायचा. मोठ्या आतड्याचा फारसा नाही. तिथल्या लोकांनाही तो परक्यांचाच रोग वाटत असणार. पण हवाईत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत एका पिढीतच हा रोग स्थानिक अमेरिकनांइतका दिसू लागला, आणि पुढे मायदेशातही तेच झालं. खुर्ची आली, मोटार आली, मांस वाढलं, कंबर वाढली. आज जपान या रोगाचं जास्त प्रमाण असलेल्या देशांत मोडतो. ठाण्या-पुण्यात गेल्या तीस वर्षांत माणसं किती चालतात, कशात तळतात, संध्याकाळी काय पितात आणि मधुमेह कितव्या वर्षी गाठतो, हे वेगळं सांगायला हवं का? जपानने मात्र शहाणपणा केला. रोग चढणीवर असतानाच, १९९२ मध्ये, चाळिशीपुढच्या सर्वांसाठी शौचाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून सुरू केली.

शिवाय प्रमाण कमी म्हणजे माणसं थोडी, असं होत नाही. देशात दर वर्षी ६५ ते ७० हजार लोकांना हा कॅन्सर नव्याने होतो आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसं दगावतात, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्याहून बोचरा आकडा जगण्याचा आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्या दक्षिण कोरियातल्या दहा रुग्णांपैकी सात जण पाच वर्षं पार करतात. आपल्याकडे चारही नाहीत. औषधं जवळपास तीच आहेत आणि सर्जनही आपले कमी कसबी नाहीत. मोठा फरक आहे तो माणूस डॉक्टरसमोर किती उशिरा येऊन बसतो, याचा.

इथे मला या वादातला सगळ्यात मोठा घोळ सोडवायचाय. चाळणी तपासणी ही काहीच त्रास नसलेल्या माणसासाठी असते. त्रास असलेल्याला चाळणी नको, निदान हवं, आणि तेही ताबडतोब, वय कितीही असो. दोन्ही पक्ष या गोष्टींची गल्लत करतात. माझ्या मोठ्या मामांचं उदाहरण देतो. वय पंचावन्न. शौचावाटे रक्त जायचं. गावातल्या प्रत्येक एसटी स्टँडबाहेर असतो तसला ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन’ असा फलक पाहून ते गेले, आणि वर्षभर मोड बसवण्याची औषधं घेत राहिले. मग हिमोग्लोबिन सातवर आलं, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या वर्षभरात तीन डॉक्टर झाले, पण एकानेही हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासणी केली नाही. मामा स्वतःहून सांगणाऱ्यातले नव्हते आणि डॉक्टर विचारणाऱ्यातले. गाठ गुदाशयात होती, बोटाच्या टप्प्यात. मामांना चाळणीची गरज नव्हती. वीस रुपयांचा हातमोजा पुरला असता. पन्नाशीच्या पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं रक्त विनाकारण कमी होत नाही, हे साधं सूत्र आहे, आणि तरी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकवर वर्षं निघतात.

यावर विरोधकांकडे एक अत्यंत वजनदार मुद्दा आहे आणि तो मला बरेच दिवस छळत होता. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या आठशे रुग्णांचा अभ्यास काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं सत्तेचाळीस. म्हणजे पन्नाशीला सुरू होणारी चाळणी यांतल्या निम्म्याअधिक लोकांपर्यंत पोचलीच नसती! हॉलिवुडचा नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. मग पन्नाशीची चाळणी कशाला? याचं उत्तर दोन भागांत आहे. टाटांच्या दारात येणारे रुग्ण म्हणजे सगळा देश नव्हे. उतारवयातली किती माणसं ‘आता या वयात कशाला’ म्हणून घरीच राहतात, हे आपण सगळे पाहतो. आणि आपली लोकसंख्याच तरुण असल्यामुळे तरुण रुग्णांची संख्या मोठी दिसते. एकेका माणसाचा धोका मात्र वयाबरोबरच चढत जातो. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. तरुण रुग्णांना वाचवण्याचा रस्ता मामांच्या गोष्टीतून जातो: रक्त दिसलं की तपासा, ‘मूळव्याध असेल’ हे शेवटी म्हणा, सुरुवातीला नको. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झालाय त्यांनी चाळिशीलाच, किंवा नातेवाइकाला तो ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा, सरळ दुर्बीण करून घ्यावी. आतड्याला वर्षानुवर्षं सूज असणाऱ्यांचंही वेगळं वेळापत्रक असतं. अमेरिकेने २०२१ मध्ये चाळणीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. आपणही उद्या आणू शकतो, पण शून्यावरून पंचेचाळीसवर उडी मारण्याआधी पन्नासवर तरी पाय टेकायला नको का?

दुसरा आक्षेप चाळणीच्या एकूण कल्पनेवरच आहे, आणि तो घेणारे अडाणी नाहीत. चाळणीने नुकसान होतं, हे इतिहासात लिहिलेलं आहे. जपाननेच १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर शोधायला सुरुवात केली. भराभर सापडू लागला, बाळांवर शस्त्रक्रिया झाल्या, औषधं झाली. २००२ मध्ये जर्मनी आणि कॅनडातल्या अभ्यासांनी दाखवलं की अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. सापडणाऱ्या बऱ्याच गाठी आपोआप जिरणाऱ्याच होत्या. जपानने पुढे हा कार्यक्रम बंद केला. दक्षिण कोरियात थोडे जादा पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफी करायची टूम निघाली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. थायरॉइड कॅन्सरने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले, आणि हजारो निरोगी माणसं जन्मभराच्या गोळ्यांना बांधली गेली. आमच्या सोसायटीच्या पॅकेजमध्ये जे रक्तातले मार्कर होते, तेही याच जातीचे. सीईए हा मार्कर सिगारेट ओढणाऱ्यात उगाच वाढलेला दिसतो आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा अगदी नॉर्मल असतो. उपचार झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला तो उपयोगी आहे. निरोगी माणसात त्याने एक तर धडकी भरते, नाही तर खोटा दिलासा मिळतो. तेव्हा काका ‘घाबरवायचं आणि पैसे काढायचे’ म्हणाले ते त्या पॅकेजपुरतं खरंच होतं.

पण एक चाळणी फुटकी निघाली म्हणून कुणी धान्य न चाळताच दळायला देतं का? कुठली चाळणी वापरावी हे ठरवण्याच्या कसोट्या विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच लिहून ठेवल्या आहेत: रोग महत्त्वाचा हवा, त्याला लपलेली पण ओळखता येणारी अवस्था हवी, तपासणी लोकांना सोसणारी हवी, पुढचे उपचार उपलब्ध हवेत, आणि शोधण्याचं काम एकदाच करून थांबू नये. मोठ्या आतड्याचा कॅन्सर या कसोट्यांना जितका उतरतो तितके फार थोडे उतरतात. आणि इथे अंदाजांवर विसंबावं लागत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात सेहेचाळीस हजारांवर माणसांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलं होतं. दर वर्षी शौचाची तपासणी करणाऱ्या गटात या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. हा निकाल १९९३ चा. तीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पुन्हा मोजलं तेव्हाही फायदा तेवढाच टिकलेला होता. तीही जुन्या पद्धतीची तपासणी, जिच्यात मुळा किंवा मटण खाल्लं तरी निकाल चुकायचा. आजची एफआयटी, म्हणजे शौचाची नवी तपासणी, फक्त माणसाच्या रक्तातलं प्रथिन ओळखते, एका नमुन्यावर भागते आणि तिच्यासाठी काहीच वर्ज्य करावं लागत नाही. काही निरुपद्रवी पॉलिपही यात काढले जातात, हे खरं. तो जादा उपचारच आहे. पण एक लहानसा पॉलिप काढणं आणि आख्खी थायरॉइड ग्रंथी काढणं यांना एका पंगतीत बसवता येणार नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एक बातमी जगभर फिरली: ‘कोलोनोस्कोपीने (म्हणजे याच दुर्बिणीने) जीव वाचत नाहीत’. आपल्याकडेही ती हौसेने पाठवली गेली. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे ८५ हजार लोकांचा हा अभ्यास. दहा वर्षांनी पाहिलं तर दुर्बिणीचं निमंत्रण मिळालेल्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी झाला होता, मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही. बातमीत न आलेली ओळ अशी की निमंत्रण मिळालेल्यांपैकी तपासणीला आले फक्त ४२ टक्के. लग्नाच्या पत्रिका वाटून जेवण किती जणांना लाभलं, ते पत्रिकांच्या संख्येवरून ठरवायचं का? धोरण आखणाऱ्याने मात्र तसंच ठरवावं लागतं, कारण सरकारच्या हातात पत्रिका वाटणंच असतं. म्हणून मला हा अभ्यास माझ्या बाजूचा वाटतो. स्वीडनसारख्या देशात, जिथे रस्ते चांगले, डॉक्टर पुरेसे आणि पोटात दुखलं तर रजा मिळते, तिथेही अर्ध्याहून जास्त माणसं दुर्बिणीला येत नाहीत. जुलाबाचं औषध पिऊन रात्रभर संडासाच्या फेऱ्या मारायच्या, दुसऱ्या दिवशी भूल घ्यायची, सोबत एक माणूस न्यायचा. आपल्याकडे किती येतील? स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले. त्यात वर्षाआड शौचाची तपासणी आणि एकदाच दुर्बीण, अशी निमंत्रणं दोन गटांना दिली होती. मृत्यू टाळण्यात डबी दुर्बिणीला कमी पडली नाही, आणि डबीला होकार देणारेही जास्त होते.

राहिला प्रश्न पैशाचा आणि माणसांचा. हा विरोधकांचा खरा हुकमी एक्का आहे. तो मी टाळणार नाही. हिशेबापुरतं धरा, शहरातल्या पन्नाशीपुढच्या दहा हजार निरोगी लोकांना डब्या वाटल्या. शंभरातल्या पाच नमुन्यांत रक्त सापडलं, म्हणजे पाचशे दुर्बिणी. आपल्याकडचं प्रमाण बघता त्यात कॅन्सर निघतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि धोकादायक पॉलिप काही डझन. उरलेल्यांना मूळव्याध किंवा काहीच नाही. या पाचशे दुर्बिणी कोण करणार? जिल्हा रुग्णालयात दुर्बीण असली तरी ती चालवणारा माणूस रोज असेलच असं नाही. पण चाळणीची एक गंमत आहे: तिची भोकं लहानमोठी करता येतात. नेदरलँड्सने २०१४ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला तेव्हा अपेक्षेपेक्षा फार नमुने सकारात्मक आले आणि दुर्बिणीच्या रांगा लागल्या. त्यांनी कार्यक्रम गुंडाळला नाही. किती रक्त सापडलं तर बोलवायचं, याची मर्यादा त्याच वर्षी ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅमवरून ४७ वर नेली. थोडे लहान पॉलिप सुटले, पण दोन वर्षांनी डबी पुन्हा घरी येणारच होती. एफआयटी आकडा सांगते. ‘हो-नाही’वर थांबत नाही. जेवढ्या दुर्बिणी आहेत, तेवढीच माणसं चाळणीखाली पडतील, असं सुरुवातीला ठरवता येतं. दुर्बिणीने आतड्याला भोक पडण्याचा धोका तर दहा हजार दुर्बिणींत तिनाच्या आसपास, म्हणजे आपल्या पाचशेत एकही न निघण्याचीच शक्यता जास्त.

‘नियमित’ या शब्दाकडे आपण नेहमीच कानाडोळा करतो. एकदा केलेली एफआयटी तितकीशी भरवशाची नाही. चारांतला एखादा कॅन्सर तिच्या हातून निसटतो, कारण गाठ रोज पाझरत नाही. तिची सगळी ताकद पुन्हापुन्हा करण्यात आहे. रोग दहा वर्षं घेतो, तेवढ्यात आपण पाच वेळा विचारणार. पाचही वेळा तो गप्प बसेल का? गॅस सिलिंडरची तारीख, दुधाचा खाडा, एलआयसीचा हप्ता हे सगळं ज्या घरात कालनिर्णयवर वर्षानुवर्षं लिहिलं जातं, त्या घराला वर्षाआड एक तारीख जड नाही. जड आहे ती लाज.

आणि लाजेचं कारण मला पुरेसं वाटत नाही. याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावची घाण लोकांच्या डोळ्यांसमोर उचलली. त्यांच्या नावाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावकऱ्यांनी ग्रामसभेत, बायामाणसांसमोर, कोण कुठे बसतं याची चर्चा केली. ‘गुड मॉर्निंग पथकं’ पहाटे टॉर्च घेऊन फिरली. त्यांतला अपमान मला कधीच आवडला नाही, पण विषय उघडा झाला हे नाकारता येत नाही. त्याही आधी, १९८० च्या दशकात, राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. त्या बायकांना दुखणं नव्हतं का? होतं. विचारणारं कुणी नव्हतं. एफआयटीत तर कुणासमोर कपडे काढायचे नाहीत. घरच्या संडासात, कडी लावून, काडी टोचून ती डबीत बंद करायची.

‘जे हाती घेतलंय ते तरी धड करा’ असंही म्हटलं जातं, आणि रास्त म्हटलं जातं. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची चाळणी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. अशा व्यवस्थेवर चौथं ओझं? म्हणूनच मी आज उठून राज्यभर डब्या वाटा असं म्हणत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाला केंद्र धरून, टाटा मेमोरियलच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर जो अभ्यास झाला, त्याने २००९ मध्ये जगाला दाखवलं की गर्भाशयमुखाची एचपीव्ही या विषाणूसाठीची एकच तपासणी मृत्यू निम्म्यावर आणू शकते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी साध्या व्हिनेगरने तपासून मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले. ज्या बायकांना नुसतं तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं, त्यांच्यावरून या अभ्यासांवर नैतिक टीका झाली आणि ती योग्यच होती. पण आपल्या मातीत, आपल्या आशाताईंकडून, आपल्या खर्चात काय जमतं हे शोधण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मग आतड्यांच्या बाबतीत आपण मिनेसोटा आणि नॉर्वेच्या आकड्यांवर भांडत का बसलोय? मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी आहे, प्रमाण गावांपेक्षा जास्त आहे, दुर्बिणी आहेत. महापालिकेने दोन वॉर्डांत पाच वर्षं डब्या वाटून पाहाव्यात, सकारात्मक आलेल्या प्रत्येकाची दुर्बीण फुकट आणि ठरलेल्या मुदतीत करावी, आणि काय निघालं ते छापावं. नाही परवडलं तर तसं सांगून थांबावं. जपानने एक कार्यक्रम बंद केलाच की. महात्मा फुले योजनेतून पसरलेल्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि केमो यांवर सरकार पैसे मोजतंच आहे. एका रुग्णाच्या त्या खर्चात किती डब्या येतात, हा हिशेब मंत्रालयात कुणी तरी करायला हरकत नाही.

सोसायटीत मी यातलं निम्मंही बोलू शकलो नाही. पॅकेज नको, त्याऐवजी पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी मिळून एफआयटीच्या डब्या घ्याव्यात, शंभर घरं म्हटल्यावर लॅब दरही कमी करेल आणि दोन वर्षांनी पुन्हा करावं, एवढीच सूचना मांडली. ‘डबी’ हा शब्द ऐकून मागच्या रांगेत हशा पिकला. सेक्रेटरींनी विचारलं, नमुने गोळा कुठे करायचे, सोसायटीच्या ऑफिसात फ्रिज नाही. निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की इतक्या स्वस्त तपासणीवर विश्वास कसा ठेवायचा. काका म्हणाले, बघू, एकदा करून पाहायला हरकत नाही, एकदाच. शेवटी वेळ संपली म्हणून विषय पुढच्या वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरलं, आणि इतिवृत्तात त्याची नोंद ‘किरकोळ’ या सदराखाली झाली.